आणलेलं लहानपण

समोरच्या इमारतीच्या पार्किंगमधून एक गाडी मागे येत होती आणि तिच्यातून माझ्या आजीचं गाणं वाजत होतं. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. हातात ऋतिकाचा शाळेचा मोजा होता, एकच. दुसरा बादलीत शोधत होते. गाडी थांबली, गाणं थांबलं. जागा नीट मिळाली नसावी, कारण गाडी थोडी पुढे गेली, परत मागे आली, आणि गाणं पहिल्यापासून सुरू झालं. तेच होतं. पहिल्या ओळीतली ती चढण, मग अडखळत खाली येणं, मग तोच सूर दोनदा, कुणी हळूच दार वाजवावं तसा. ऋतिका आतून धावत आली, जाळीला नाक लावून बघू लागली आणि म्हणाली, "आई, आजोबांच्या आईचं गाणं. ते त्या गाडीत कसं गेलं?" मी म्हटलं, "कुणीतरी घातलं असेल." ती म्हणाली, "पण आजोबा म्हणाले होते, ते फक्त आपल्याकडेच आहे." मी मोज्याला चिमटा लावला. गाडी जागेवर बसली, ड्रायव्हर उतरला, त्यानं दार लोटलं आणि तो कानाला मोबाईल लावून निघून गेला. त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. त्याच्या दृष्टीनं काहीच झालं नव्हतं.

ती गाडी मग दिवसभर माझ्या डोक्यात मागे येत राहिली. मी बेलापूरला एका विमा कंपनीत दाव्यांचे कागद तपासते. लोकांनी सांगितलेलं खरं आहे की नाही हे बघण्याचा मला पगार मिळतो. त्या दिवशी एकाच कागदावर मी बराच वेळ डोळे ठेवून बसले होते आणि अक्षरं दिसत होती, ओळी दिसत नव्हत्या. गणपतीच्या आधी बाबा गेले. सगळं रीतीप्रमाणे झालं, कुणी कुणावर चिडलं नाही, माणसं आली, जेवली, गेली. घरातल्या वस्तूंचं बोलणं निघालं तेव्हा रितेशनं बेंजो मागितला. तो धाकटा, आणि घरही त्याच्याकडेच. आईनं मला विचारलं, तुला काय देऊ? मी म्हटलं, काही नको. ते मी मोठेपणानं म्हटलं नव्हतं. मला खरंच वाटत होतं की माझा वाटा मला केव्हाच मिळालेला आहे. बाबांचं लहानपण माझ्याकडे होतं. ते त्यांनी आम्हाला एकेक करून, हातात ठेवावं तसं दिलं होतं, आणि मी ते आता ऋतिकाला देत होते. बाबा गेल्यावर मी फारशी रडले नाही, त्याचं कारणही बहुधा हेच असावं. जे लहान मूल ते होते, ते तर आमच्या घरातच फिरत होतं.

बाबा रेवसच्या लाँचवर इंजिनाकडे होते आणि लग्नसराईत बेंजो वाजवायचे. लाकडी पेटी, तिच्यावर ताणलेल्या तारा, डाव्या हाताशी टाइपरायटरसारखी बटणं, आणि उजव्या हातात डबीच्या प्लॅस्टिकच्या झाकणातून कापलेली नखी. हळदीला हा बेंजो मोठ्या कर्ण्यांना जोडला की चार गावं ऐकतील असा आवाज निघायचा. घरात मात्र बाबा तो कशालाच न जोडता वाजवायचे. तेव्हा त्याचा आवाज इतका बारीक असायचा की ऐकायला जवळ बसावं लागे, गुडघ्याला गुडघा लावून. रविवारी संध्याकाळी ते अंघोळ करत, कानामागचं इंजिनाचं तेल राहून गेलेलं असे ते आई पदरानं पुसे, मग ते बेंजो मांडीवर घेऊन म्हणत, "माझ्या लहानपणी." एवढं म्हणून थांबत. इतर माणसं 'आमच्या गावाला' म्हणतात तसं ते 'माझ्या लहानपणी' म्हणायचे, जणू तिथं जायला एसटी मिळते. मग आईचं गाणं. ती तांदूळ निवडताना गुणगुणायची म्हणे. शब्द मी विसरलो, तुम्ही घाला, असं ते सांगत, आणि मी आणि रितेश त्यात चिंबोऱ्या घालायचो, लाँच घालायचो, गणिताच्या बाईंना घालायचो. गाण्यानंतर त्यांच्या आवडीची एखादी गोष्ट. एकदा त्यांनी आम्हाला चौलच्या बाजूला एका वाडीत नेलं. पोफळीची विरी, म्हणजे झावळीचं बुडाकडचं ते रुंद, होडीसारखं टोक, तिच्यावर एकानं बसायचं आणि दुसऱ्यानं पानाकडून धरून ओढत न्यायचं. बाबांनी आम्हा दोघांना पळत पळत ओढलं. मग म्हणाले, आता मी. ते बसले ते उलटे बसले, तोंड मागे करून. वाडीचा मालक विहिरीपाशी उभा होता, तो हसत म्हणाला, "अहो, तोंड इकडं करा. पडाल की." बाबा म्हणाले, "आमच्याकडं असंच बसायचे." आम्ही त्यांना तसंच ओढलं. ते दोन्ही हातांनी कडा घट्ट धरून, आम्हाला पाठ करून, मोठ्यानं हसत आमच्यामागून येत होते. घरी येताना मी रितेशला सांगितलं की बाबांच्या गावची रीत वेगळी आहे, आणि मला तिचा अभिमान वाटला.

आता, ऑफिसात, समोर कुणा अपघात झालेल्या माणसाचा जबाब उघडा असताना, मला बाबांचं गाव दिसलं. आम्ही तिथं एकदाच गेलो होतो. मिठागरं, बांध, आणि खाडीच्या चिखलात उभी असलेली तिवरं. पोफळ सोडा, त्या गावात सावलीला धड एक झाड नव्हतं. खाऱ्या जमिनीत पोफळ लागत नाही हे रायगडच्या किनाऱ्यावरचं कुठलंही मूल सांगेल. मीही सांगितलं असतं, कुणी विचारलं असतं तर. एक विचार आला की त्याच्या मागून दुसरा आलाच. भिंतीवर सावल्यांचे प्राणी करायला त्यांनी आम्हाला शिकवलं होतं: ससा, कुत्रा, आणि कधीच न जमणारा उंट. माझ्या लहानपणी आम्ही बल्बसमोर बसून हेच करायचो, ते म्हणायचे. आणि हेच बाबा, लाइट गेली की, आमच्या गावात वीज आली तेव्हा मी लाँचवर नोकरीला लागलेलो होतो, असंही सांगायचे. ही दोन्ही वाक्यं मी कितीदा तरी ऐकली होती. ती एकमेकांशेजारी ठेवून बघावीत असं मला कधी सुचलं नाही. मी पुष्कळ वाचते. गोष्ट सांगणाऱ्याच्या शब्दावर सगळंच सोडू नये हे मी पुस्तकांतून शिकले, पण ते पुस्तकांसाठीच शिकले.

आणि खांटोळी. तांदळाचा रवा, गूळ, नारळ. थापून, वड्या कापून. ती आमच्याकडे मोठ्या रातीला व्हायची. मोठी रात हा आमच्या घरचा सण होता. तो पंचांगात नव्हता, शेजारी कुणाकडे नव्हता. माझी आई मोठ्या रातीला खांटोळी करायची, बाबांनी सांगितलं होतं. मोठी रात कधी असते, आम्ही विचारायचो. बाबा अंगणात जाऊन आभाळाकडे बघत आणि आत येऊन आईला म्हणत, आज आहे. मग आई पाटा धुवायला घ्यायची. अलिबागला कॉलेजात असताना मी डब्यातून खांटोळी नेली होती. माझी मैत्रीण महनूर, तिनं एक वडी तोंडात टाकली, डोळे मिटले आणि म्हणाली, "ही तर आमच्या खालाच्या हातची. खरं सांग नूतन, तुझी आजी कुठल्या मोहल्ल्यातली?" आम्ही खूप हसलो. मी म्हटलं, शेजार असतो, पदार्थ इकडून तिकडे जातात. ते उत्तर मला तेव्हा फार समंजस वाटलं होतं.

दुपारी मी जिन्यात जाऊन आईला फोन लावला. ती रितेशकडेच असते. मी विचारलं, बाबांची आई ते गाणं म्हणायची ना? "कोणचं?" आई म्हणाली. मी फोनमध्ये गुणगुणले. जिन्यातून डबा घेऊन जाणारा एक माणूस माझ्याकडे बघून पुढे गेला. "ते व्हय," आई म्हणाली. "पेणला बेंजो घेतला तवा दुकानदारानं वाजवून दाखवलेलं ते. पयलं तेच शिकले. दुसरं काय येतच नव्हतं वर्षभर, मी कान धरून बसायचे." मी म्हटलं, मग आम्हाला आईचं म्हणून का सांगितलं? ती म्हणाली, "आता त्यांना वाटलं तसं सांगितलं. मी कशाला मधी बोलू? तुमी दोघं गप बसायचात ना ऐकत. तेवढा वेळ मला भाकरी थापायला मिळायचा." तिच्या आवाजात लपवल्याची खूण नव्हती. जे तिनं कधी लपवलंच नव्हतं ते मी विचारलं नव्हतं, इतकंच. मग तिनं आपणहून सांगितलं. हळदीचं वाजवून झालं की वाजवणाऱ्यांना मांडवात जेवायला बसवत. बाकीचे जेवून गाडीत जाऊन झोपायचे आणि बाबा घरातल्या म्हाताऱ्या माणसांपाशी जाऊन बसायचे. तुमच्या लहानपणी काय होतं, विचारायचे. काय खायचात, काय खेळायचात. "पार्टीतले भिकूभावजी शिव्या घालायचे. गाडी सुरू करून बसलेत आनि ह्यांचं आपलं चाललंय. तळा गावाला गेले की तळ्याचं ऐकून येयाचे, चौलला गेले की चौलचं. म्हसळ्याकडं एक झुबेदाबी व्हत्या, त्यांच्याकडची ती खांटोळी. त्यांची बडी रात असते ना, शबेबारात, तवा करतात. मला येऊन बोलले, तू कर, पण पोरांना सांग माझी आई करायची."

मी जिन्याच्या पायरीवर बसले. हळदीहून बाबा सकाळी यायचे तेव्हा त्यांच्या सदऱ्याला हळदीचा, झेंडूचा आणि मटणाच्या रश्श्याचा वास असायचा. खिशात कधी मूठभर बुंदी असायची, कागदात बांधलेली, तिच्यावर तंबाखूचे कण. आम्ही बुंदीकडे धावायचो. त्याच खिशातून ते दुसरंही काही आणत होते, आणि ते रविवारपर्यंत कुठंतरी जपून ठेवत होते, धुऊनपुसून, स्वतःचं करून. मला त्यांचा राग आला नाही. राग आला असता तर बरं झालं असतं, त्याला निदान एक तोंड असतं. मला वाटलं ते इतकंच की माझं कुणासाठी रडायचं राहिलं आहे ते मला माहीत नाही. विरीवर बसणारा मुलगा चौलचा होता. बल्बसमोर उंट करणारा मुलगा आणखी कुणाचा तरी. त्या सगळ्यांच्या मधोमध, जिथं माझे बाबा लहान असायला हवे होते, तिथं कुणी नव्हतं. मी आईला विचारलं, मग खरं काय होतं? ती म्हणाली, "मला तरी कुठं सांगितलं. लग्न झालं तवा मी विचारलं तर बोलले, सांगण्यासारखं काय नाय. कोकिळावन्सना विचार. त्याच आता उरल्यात."

फोन रितेशनं घेतला. तो बहुतेक शेजारीच बसून ऐकत होता. "ताई, आतेकडं जाऊ नको," तो म्हणाला. मी विचारलं, का? तो म्हणाला, "हॉस्पिटलात शेवटी शेवटी मी त्यांना मोबाईलवर ते गाणं लावायचो. मागे एकदा वाजवताना रेकॉर्ड केलेलं. मी कानात सांगायचो, बाबा, आजीचं गाणं. ते मान हलवायचे. तू काय काय शोधून येशील आणि मग त्यांचं ते मान हलवणं आठवलं की तू शोधलेलंही आठवणार. मला तसंच राहू दे ना." मी म्हटलं, तुला सांगणार नाही. तो म्हणाला, "तू सांगितलं नाहीस तरी तुझ्या तोंडावर दिसतं. तुला लहानपणापासून खोटं बोलता येत नाही, तुझ्यामुळे मी किती मार खाल्लाय." आम्ही दोघंही थोडं हसलो आणि फोन ठेवला. त्याचं बरोबर होतं. तरीही शनिवारी मी पनवेलहून पालीची एसटी पकडली. मला फार काही नको होतं. एक गोष्ट हवी होती, कितीही लहान, कसलीही, जी कुणाच्या मांडवातून आणलेली नसेल.

कोकिळाआते पालीच्या अलीकडच्या एका भातशेतीच्या गावात दिली होती. बाबांची मोठी बहीण. आमच्याकडे ती लग्नकार्याला येई, कोपऱ्यात बसे, आणि संध्याकाळची गाडी चुकेल म्हणून लवकर निघे. बाबा तिला नेहमी स्टँडवर सोडायला जात आणि परत आल्यावर त्या रात्री बेंजो काढत नसत, एवढं मला आठवत होतं. मी गेले तेव्हा ती ओटीवर बिरड्याचे वाल सोलत बसली होती. भिजवून मोड आणलेले वाल, एका परातीत सालीसकट, दुसऱ्या भांड्यात सोललेले. मला बघून ती उठली नाही, तिनं पाट पायानं पुढे सरकवला.

"बस गो. एकटीच आलीस? पोरीला कुठं टाकलीस?"

"तिची शाळा आहे आज. तिच्या बाबांकडे आहे."

"त्याला सैपाक येतो?"

"थोडा येतो."

"थोडाच येतो त्यांना," आते म्हणाली. "आमच्या ह्यांना तर भूक तेवढी येयाची."

मी परातीत हात घातला. वालाचं साल सोलायला चिमटीत धरून दाबावं लागतं, मग आतला दाणा सुळकन बाहेर येतो, मोडासकट. मोड तुटला की आते माझ्या बोटांकडे बघायची, बोलायची नाही. तिचा मुलगा हर्षद आतून डोकावला, चहा ठेवू का विचारून गेला. अंगणाला लागून कापलेल्या भाताचे खुंट होते, त्यांच्यात कोंबड्या. मला वाटत होतं की विचारल्यावर जे येईल ते परत आत ढकलता येणार नाही. शेवटी मी वालांकडे बघत म्हटलं, "आते, आजी गेली तेव्हा बाबा केवढे होते?"

"अंगावर पीत व्हता," ती म्हणाली, लगेच, जसं काही मी येतानाचा रस्ता कसा आहे ते विचारलं होतं. "मना आईस आठवते ती पाठमोरी. चुलीकडं तोंड करून. त्याला तर तेवढीबी नाय. माज्या कमरेवं वाढला तो. मी तरी केवढी, परकर घालायची. आमचा बाबा पाटं मिठाच्या आगरात जायाचा तो काळोख पडल्यावं येयाचा. चालायला लागला तवा मना वाटला सुटले आता, तर सातवं लागला नाय तो त्यालाबी आगरात घेऊन गेले. तिथली जमीन पायानं तुडवून घट्ट करायला लागते, पोरांचे पाय बारीक, बरे पडतात. त्याचे पाय फुटायचे, मिठानं. मी रातचा खोबऱ्याचा तेल लावायची. तो रडायचा नाय, आपला पाय वढून घेयाचा." ती थांबली. "कशाला इचारतेस?"

मग मी तिला सगळं सांगितलं. गाडी, गाणं, पेणचा दुकानदार. विरीचं सांगितलं तेव्हा ती हसायला लागली. "पोफळ? आमच्या गावात? तिवराला फळं येतात ती खेळायला घेयाचो आमी, आनि मग बाबा मारायचा." बाबा उलटे बसले होते हे सांगितल्यावर तिला इतकं हसू आलं की तिनं पदर तोंडाला लावला आणि हर्षद परत बाहेर येऊन बघून गेला. मोठ्या रातीचं, सावल्यांचं, बेंजोवरच्या संध्याकाळींचं, सगळं ती ऐकत होती; आधी हसत, मग मान हलवत, मग नुसती. दाणे सुळसुळत भांड्यात पडत होते. मला बरं वाटू लागलं होतं. मला वाटलं, आपण दोघी मिळून त्याच्या खोड्या काढतोय, घरातल्या मुलाच्या काढाव्यात तशा. तेवढ्यात ती म्हणाली, "आनि त्याच्यात मी कुठं व्हते?"

मी तिच्याकडे बघितलं. ती वालाकडेच बघत होती. "त्यानं सांगितला ना तुमाला एवढा. येवढ्या गावांचा आणला, येवढ्या लोकांचा आणला. मी व्हते काय त्याच्यात? माझी भयन व्हती, असा काय बोलला काय?"

हे मी कधीच पाहिलं नव्हतं. इतक्या वर्षांत, इतक्या रविवारी, बाबांच्या लहानपणात एकदाही बहीण आली नव्हती. आई होती, मुलगा होता, कधी शेजारी, कधी एखादा बैल. ज्या कमरेवर ते वाढले ती कमर त्यांनी आम्हाला दाखवलीच नव्हती. खाऱ्या जमिनीवरचं सगळंच त्यांनी पुसलं होतं, आणि त्या सगळ्यात हीसुद्धा होती. मला तेव्हा एक गोष्ट रचणं कठीण नव्हतं. मी त्यांचीच मुलगी. ते कसं करतात ते मी गेले काही दिवस उलगडत आले होते. एक लहानशी गोष्ट, तिच्यात एक बहीण, तिच्या हातात काहीतरी. आतेचं आयुष्य त्यानं बदललं नसतं, पण आजची दुपार बदलली असती. माझं तोंड उघडलंही. पण रितेश म्हणतो ते खरं आहे, माझ्या तोंडावर दिसतं. आणि तिनं आजवर कुणाकडे काही मागितलं असेल असं वाटत नव्हतं. ज्यानं इतक्या वर्षांनी एकदाच मागितलं त्याला आणलेलं द्यावं, हे मला जमेना.

"नाही आते," मी म्हटलं. "आईच होती त्यांत."

"बरा," ती म्हणाली. तिचे हात थांबले नाहीत. "बराच हाय. आईस पायजेलच व्हती त्याला." एक वाल तिच्या चिमटीतून निसटला आणि ओटीवरून खाली गेला, कोंबडीनं तो उचलला. आते त्या कोंबडीकडे बघत राहिली. मग शेजारच्या घरात आलेल्या नव्या सुनेबद्दल विचारावं तशा सुरात तिनं विचारलं, "कशी व्हती ती? त्याच्या गोष्टीतली आईस?"

मी आठवू लागले. ती बारीक होती, मी म्हटलं. ती काळोखाला भ्यायची. संध्याकाळी मागच्या दारी जायचं झालं तर बाबांना बरोबर न्यायची आणि सांगायची, तू बडबडत राहा, थांबू नको. आम्हाला त्याचं हसू यायचं, एवढी मोठी बाई. तिला भाकरी गोल यायची नाही. कुठल्याही बाजूनं वाकडी व्हायची, मग ती बाबांना सांगायची, आज मासा आहे, आज होडी आहे, सांग तुला कुठून खायचा. बाबा म्हणायचे, मला शेपटीकडून आवडायचा. आतेचे हात आता थांबले होते. माझाही आवाज हळू झाला होता, कारण मी जे सांगत होते ते मला पहिल्यांदाच ऐकू येत होतं. कुठल्या हळदीत भेटली असती अशी आई? कोणती म्हातारी मांडवात बसून सांगेल की माझ्या आईला भाकरी येत नव्हती? मी सांगत राहिले, थांबले तर मोडेल असं वाटून. "आणि गुळाचा डबा फळीवर असायचा," मी म्हटलं. "तिचा हात पोचायचा नाही. मग ती घमेलं उपडं टाकायची आणि त्याच्यावर चढून..."

"घमेला नव्हता," आते म्हणाली.

तिनं परात बाजूला सारली, हात पदराला पुसले.

"घमेला आगरात असायचा, बाबाकडं. घरात कुठचा घमेला. तो वाकायचा." ती बसल्या जागी पुढे झुकली, दोन्ही तळवे गुडघ्यांवर टेकले, मान खाली घातली. पांढरे केस, वाळलेली मान, आणि पाठ सपाट धरण्याचा तो प्रयत्न. "असा. भितीला डोका लावून. मी त्याच्या पाठीवं उभी ऱ्हायची." ती तशीच वाकून थोडा वेळ राहिली, मग सरळ झाली. "मी लय हळू पाय ठेवायची. वरून इचारायची, दुखतंय काय रं? तो खालनं बोलायचा, तू गूळ घे पयला."